भाड्याचे आईबाप

एका गावात एक तरुण राहायला आला आणि आपण अत्तराच्या मोठ्या पेढीचे वारस आहोत, असं त्यानं सांगून टाकलं. खरं तर तो रानात मध काढणाऱ्यांचा मुलगा. पण मध काढणाऱ्याला लोक अंगणात उभं करतात आणि अत्तरवाल्याला गादीवर बसवतात, हे त्यानं पाहिलं होतं. मग काय, कानात अत्तराचा फाया, अंगावर रेशमी शेला, आणि बोलणं असं की साखर फिकी पडावी.

गावच्या पाटलांच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, म्हणून तर खरं सांगायची भीती वाटे. पाटील म्हणाले, "साखरपुड्याला आईवडिलांना घेऊन या." आता रानातल्या आईबापांना कसं आणायचं? त्यांच्या कपड्यांना धुराचा वास. त्यानं लांबच्या एका गावातून रुबाबदार नवराबायको भाड्यानं आणले. एक थाप पचवायला दुसरी लागते, ती अशी.

साखरपुडा वडाखाली मांडला होता. तरुणानं वर पाहिलं. फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. उग्र वासानं या माश्या खवळतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आणि पाहुण्यांना लावायला अत्तर तर त्यानंच आणलेलं. "बैठक दुसरीकडे मांडा," एवढंच म्हणायचं होतं. पण कुणी विचारलं असतं, "अत्तरवाल्यांना हो मोहोळातलं काय कळतं?" तो गप्प बसला. अत्तर सगळ्यांना लावलं गेलं.

व्हायचं तेच झालं. मोहोळ उठलं. सगळ्यांच्या आधी कोण पळालं म्हणाल, तर भाड्याची आई, आणि तिच्या मागोमाग भाड्याचे वडील. पाटील अंगानं भारी, त्यांना पळता येईना. ते उपरणं फिरवत उभे राहिले, आणि जसजसं उपरणं फिरे, तसतशा माश्या वाढत गेल्या.

आता मात्र तरुणाला राहवेना. त्यानं अत्तरानं भिजलेला शेला काढून लांब फेकला. निम्म्या माश्या शेल्यामागं गेल्या. "हलू नका, खाली बसा, तोंड झाका," असं ओरडत त्यानं पाटलांवर बैठकीची घोंगडी टाकली. पंगतीच्या स्वयंपाकासाठी मांडलेल्या चुलीतल्या पेटत्या गोवऱ्या घमेल्यात घेतल्या, त्यांवर ओला पाला टाकला आणि धुराचा लोट करून तो त्यांच्यापुढं उभा राहिला.

पाटील वाचले. तरुणाचं तोंड मात्र भोपळ्यासारखं सुजलं.

"हे पेढीवर शिकलात?" पाटलांनी विचारलं.

"नाही. आम्ही मध काढणारे. मोहोळ मला आधीच दिसलं होतं. बिंग फुटेल म्हणून बोललो नाही. आणि ते दोघं माझे कुणी नव्हेत."

पाटील संतापले. "तुम्ही मध काढता, याचा राग नाही. माणसं मेली असती आणि तू गप्प बसलास, याचा आहे."

मुलगी पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "बाबांसाठी तुम्ही उभे राहिलात, ते मी विसरणार नाही. पण ज्यानं आईबाप भाड्यानं आणले, त्याला होकार कसा देऊ? खरे आहेत त्यांना घेऊन या. मग बघू."

संध्याकाळी तो रानातल्या झोपडीत पोचला. त्याच्या तोंडाला हळद लावत आई म्हणाली, "येवढ्या कुटं रं चावल्या?"

"माझ्या साखरपुड्यात."

आईचा हात थांबला. "आमाला न्हाई बोलावलं?"

त्याला रडू फुटलं. "लाज वाटली, आई. पण ती मुलगी म्हणते, खऱ्या आईबापांना घेऊन या, मग बघू."

बाप कोपऱ्यात बसून ऐकत होता. मग उठला, डोक्याला मुंडासं गुंडाळू लागला आणि म्हणाला, "आता आलास न्हवं बोलवायला? चल मग. पोरीला ताटकळत ठिवू नये."

तात्पर्य: सोंग चारचौघांत मिरवता येतं, पण संकटाला पुरत नाही. आपली माणसं मात्र उशिरा हाक मारली तरी उठून येतात.