हाळोबाचा पहिला घास

एका राज्यात, जिथं डोंगर राजाला मुजरा करीत आणि विहिरी बायकांची सुखदुःखं ऐकून घेत, तिथं अर्जोजी नावाचा म्हातारा वीर राहत होता. एके काळी दोन्ही हातांवर कडा पेलणारा हा गडी. आता पाण्याचा तांब्या उचलतानाही त्याचा हात कापे. जेवण मात्र सोन्याच्या थाळ्यात! घोटासुर राक्षसाला पाडल्यावर त्याच्याच खजिन्यातला हा थाळा राजानं अर्जोजीला बक्षीस दिला होता. त्यात जेवणाऱ्याला आपल्या माणसांची आठवण येत नसे. थाळ्याला शापच तसा होता.

एका दुपारी खिडकीत एक चिमणी येऊन बसली आणि भरदार, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अर्जोजी, घोटासुर उठला. सगळ्या विहिरी त्यानं पिऊन टाकल्या. राजवाड्यापुढची बारव तेवढी उरली आहे. दिवस मावळायच्या आत तीही पिईल."

"मी तर त्याला मारला होता."

"तुम्ही तिघांनी. आणि तो मेला नव्हता, निजला होता. आता तीन कामं कर. जुने सोबती गोळा कर. त्यांच्यासोबत एका पानात जेव. आणि थाळा ज्याचा त्याला परत दे."

अर्जोजीनं थाळा फडक्यात गुंडाळला, आणि सोनं नजरेआड होताच त्याला सगळं आठवलं. झुळका, जिचे पाय वाऱ्याचे. हाळोबा, ज्याच्या हाकेनं खडक दुभंगत. डोंगरावरच्या जोगिणीनं तिघांना वर दिला होता : पहिला घास आपण न खाता सोबत्याला भरवत राहाल, तोवर तुमचं बळ अभंग राहील. पण विजयाच्या पंगतीत अर्जोजीपुढं हा थाळा आला, आणि पहिला घास त्यानं स्वतःच्याच तोंडात घातला. दोघं भरल्या पानावरून उठून गेली. त्याला कळलंसुद्धा नाही.

चिमणीचा आवाज मात्र कुणाचा, ते काही आठवेना. माणूस आवाजच आधी विसरतो.

वेशीबाहेर झुळका गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधून बसली होती.

"कोण, अर्ज्या? काय रे, थाळा घासायला माणूस मिळेना वाटतं?"

"झुळके, घोटासुर उठलाय."

"मेल्याचं बरं आहे! इथं मला उठवत नाही."

"माझ्या पाठीवर बस."

"मोडशील रे."

पण बसली. वाटभर त्याला बोल लावत राहिली. तोही मन लावून ऐकत राहिला. इतक्या वर्षांनी कुणी हक्कानं बोलत होतं.

हाळोबाच्या दारात त्याची बायको राऊबाई उभी होती. तिनं दोघांना पाहिलं नि पदर डोळ्यांना लावला.

"उशीर केलात, भावजी. मागच्या सुगीत गेले ते."

अर्जोजीनं थाळ्याचं गाठोडं खाली ठेवलं. "माझ्यावर रागावला होता का गं?"

"पहिला घास उंबऱ्यावर ठेवायचे. म्हणायचे, अर्जोजीचा आहे. तुम्ही यायचा नाहीत, चिमण्या खायच्या. आता मी ठेवते."

तेवढ्यात ती चिमणी उंबऱ्यावर उतरली. "राऊ, भाकरी वाढ."

आता अर्जोजीनं आवाज ओळखला. "हाळोबा!"

"हाळोबा नव्हे. तुझे घास खाऊन खाऊन त्याचा आवाज माझ्या गळ्यात आला. आता एका हाकेपुरता उरला आहे. मला बोलायला लावू नकोस."

क्षमेचे शब्द अर्जोजीच्या ओठांवर आले होते. उत्तर मागावं तर आवाज सरेल, आणि आवाज सरला तर बारव जाईल. त्यानं शब्द गिळले.

राऊबाईनं पळसाच्या पानावर भाकरी आणि ठेचा वाढला. अर्जोजीनं झुळकेला घास भरवला, झुळकेनं चिमणीला, आणि चिमणीनं एक कण चोचीत धरून अर्जोजीच्या ओठांत ठेवला. झुळका ताडकन उभी राहिली. अर्जोजीचा हात कापायचा थांबला.

घोटासुर बारवेत मान घालून पीत होता. तळाचा चिखल दिसू लागला होता. चिमणीनं हाक दिली. पायऱ्या तडकल्या, राजवाड्याचे कळस हलले, आणि दचकून राक्षसानं आ वासला. झुळका थाळा घेऊन त्या जबड्यात शिरली, तो घशात ठेवून मागं फिरली, आणि अर्जोजीनं दोन्ही हातांनी जबडा मिटला. सोनं घशाखाली उतरलं. शाप फिटला. घोटासुराचं पाणी झालं, आणि ते पाणी आपापल्या विहिरींत परत गेलं.

राजा पालखी घेऊन आला. झुळका म्हणाली, "पालखी आधी राऊबाईच्या दारी न्या. हाक तिच्या घरची होती."

चिमणी बारवेच्या काठावर बसली होती. अर्जोजी तिच्यापुढं वाकला.

"हाळोबा, चुकलो रे."

चिमणीनं मान वाकडी केली. "चिव," म्हणाली, आणि दाणे टिपायला उडून गेली.

राज्यातल्या विहिरींत पुन्हा पोहरे खळखळू लागले. अर्जोजी आणि झुळका राऊबाईच्या शेजारीच राहू लागले. जेवणवेळी ती तिघं एका पानात बसत, आणि उंबऱ्यावरचा घास आता अर्जोजी ठेवी. चिमण्या येत, चिवचिवाट करीत. तो सगळ्यांचं नीट ऐकून घेई, आणि मगच झुळकेला घास भरवी.