तीन पट्ट्या आणि राजाचा हात

एका राज्यात सगळे काही घट्ट बांधत. दारे घट्ट, फेटे घट्ट, गायींची दावीसुद्धा घट्ट. "सैल गाठ, सैल राज्य," असे तिथला राजा दृढसेन म्हणे, आणि प्रजा मान डोलावी.

एकदा राजाने रानात लावलेल्या फासात एक ससा अडकला आणि तडफडून मेला. तो रानातल्या चेटकिणीचा लाडका. ती दरबारात आली. तिने राजपुत्र कुंतलाकडे बोट केले, आणि मुलाच्या जागी एक पांढरा ससा थरथरू लागला. त्याच्या मागच्या पायाला फासाची ओली जखम होती.

"राजा, या तीन पट्ट्या घे," चेटकीण म्हणाली. "तुझ्याच हाताने बांध. जखम भरली, तर मुलगा तुझा. तिसरीही वाया गेली, तर तो जन्मभर ससा."

राजाने घाईघाईने पहिली पट्टी मातीने माखलेल्या जखमेवरच आवळली. जखमेत पू झाला आणि पट्टीची राख झाली.

दुसऱ्या वेळी त्याने जखम धुतली, पुसली, आणि वर राज्याच्या रिवाजाची घट्ट राजगाठ मारली. पाय सुजला, बर्फासारखा गार पडला. सशाने पट्टी कुरतडून टाकली.

राणी मृणालवतीची साळुंकी पिंजऱ्यातून म्हणाली, "महाराज, लेकराचा पाय बांधलात की चोर?"

राजाने तिसरी पट्टी हातात घेतली. "राणी, सैल बांधली आणि सुटली तर?"

"सुटू नये इतपत बांधा. दुखू नये इतपत बांधा," राणी म्हणाली. "गाठीकडे नको, त्याच्याकडे बघा."

राजाने ससा मांडीवर घेतला. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, कोरडी केली, मध लावला. बोटांच्या बेचक्यांत कापूस ठेवला. पट्टी खालून वर हलकेच गुंडाळली, बोटांची टोके उघडी ठेवली. गाठ ओढायला त्याचा हात शिवशिवला. सशाने कान मागे टाकले. राजाने हात आवरला, पट्टीखाली आपले बोट सरकते का ते पाहिले. सरकले.

मग तो ससा मांडीवर घेऊनच दरबारात बसू लागला. घटकेघटकेला त्याची बोटे चाचपी. उबदार असली, की पुढच्या फिर्यादीला बोलवी.

"महाराजांनी राजगाठ मोडली!" प्रधान ओरडले.

"मोडली," राजा म्हणाला. "हळू बोला, तो झोपलाय."

जखम भरली, तिच्यावर नवी लव आली. एका सकाळी पट्टी आपोआप गळून पडली, आणि मांडीवर कुंतल डोळे चोळत उठून बसला.

"आबा, भूक लागली."

राणीला रडू आवरेना. साळुंकीने विचारले, "गवत आणू का?"

कुंतल खदखदून हसला. राजा हसला नाही. तो उठला, रानात गेला, आणि चेटकिणीच्या देखत एकेक फास आपल्या हाताने सोडवू लागला. शेवटचा सुटला, तेव्हा तिने मान डोलावली आणि झाडीत निघून गेली.

जशी त्या मुक्या जिवाची जखम भरली, तशी तुमची आमची भरो.