माठातलं बाळ

फार वर्षं झाली. इतकी, की त्या वेळी लावलेल्या फणसांना आता ढोल्या पडल्या आहेत. तेव्हा तांबरी नदीच्या खोऱ्यात रस्ता नव्हता. दोन्ही काठांवर मिळून तेरा वाड्या होत्या आणि दवाखाना होता दोन डोंगर पलीकडे. माणूस अडलं की त्याला डोलीत घालायचं, चौघांनी खांदा द्यायचा आणि चालू लागायचं. वाटेत एक माळ लागतो. तिथे खांदेकरी खांदा बदलत. खांदा बदलताना डोलीत डोकावून बघायची रीत होती, आणि पुष्कळ डोल्या त्या माळावरूनच माघारी वळायच्या.

द्वारकाची थोरली बहीण त्या माळावरून माघारी आली. तिच्या पोटात मूल आडवं होतं. सोळा वर्षांची द्वारका डोलीबरोबर चालत होती. सगळे माघारी वळले. ती वळली नाही, तशीच पुढे चालत गेली, असं म्हणतात.

शहरातल्या दवाखान्यात तिने आधी फरशी पुसली, मग भांडी उकळली, मग बाळंतपणं शिकून घेतली. सात वर्षांनी ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर एक पत्र्याची पेटी होती. आता खोऱ्याला औषधं मिळणार म्हणून माणसं गोळा झाली. पेटी उघडली, तर आत साबण, कात्री, दोरा, आणि जुन्या लुगड्याचं शिवलेलं एक बाळ.

नदीपलीकडच्या आंबेखोलचे धोंडजी पाटील हसले. "आक्का, आम्हाला वाटलं तू दवाखाना काढशील. तू तर बाहुलीचा खेळ मांडलास!"

"दवाखाना एका वाडीत बसंल, पाटील. बाकीच्या बारांनी काय करायचं? मला वाडीगणिक एक बाई द्या. शिकवते."

"आणि घरच्या भाकऱ्या कुणी थापायच्या?"

"तुम्ही थापा. हात मऊ हुतील."

कुंभाराकडून द्वारकाआक्काने एक माठ करून घेतला, जेमतेम मनगट जाईल एवढ्या तोंडाचा. माठात तांदळाची थंड पेज ओतली आणि ते कापडाचं बाळ दाबून आत सोडलं. बाळाच्या टाचांच्या जागी तिने एकेक चिंचोका शिवला होता. शिकणाऱ्या बाईचे डोळे पदराने बांधायचे, हात माठात घालायला लावायचं आणि विचारायचं, काय लागलं? घरात धूर असतो, उजेड नसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, असं तिचं म्हणणं.

आंबेखोलची तानूबाई मेंढरांत वाढलेली. पहिल्या दिवशी ती छातीठोकपणे म्हणाली, "पाय."

"हात हाय तो," आक्का म्हणाली. "कशावरून पाय म्हणालीस?"

"बोटं मोजली की."

"बोटं दोन्हीकडं पाचच. बोटं मोजू नगं, टाच हुडक."

दोन उन्हाळे माठात हात घालून तेरा बायका तयार झाल्या. पण झालं भलतंच. लोकांनी आक्कालाच देव केलं. आंबेखोलमध्ये बाई अडली की डोली तानूबाईच्या दारावरून जायची, नदी उतरायची आणि आक्काच्या ओट्यावर येऊन टेकायची. तेराही वाड्यांत तसंच. आक्काही कधी नाही म्हणाली नाही. तिथे माझं चुकलं, असं ती पुढे स्वतःच सांगायची. तानूबाई मात्र चिडून म्हणायची, "एक माठ आणि शेपन्नास मेंढ्या, एवढंच माझ्या हातानं मोकळं झालंय. माणसाला अजून हात न्हाई लावला."

मग तो भादव्यातला दिवस आला. धोंडजी पाटलांची सून सुगंधा सकाळपासून अडली होती. मूल आडवं होतं. पाटलांनी डोली काढली, तानूबाईच्या दारावरून नेली आणि नदीवर आणली. तानूबाई डोलीमागून धावत आली. तांबरी दोन्ही काठ धरून चालली होती, पाण्यातून मुळासकट झाडं वाहत होती.

"आक्का!" पलीकडून पाटील ओरडले. "नाव घालायला सांग! लौकर ये!"

नाववाला तयार होता. आक्काने एक पाय नावेत ठेवला. मग पाण्याकडे पाहिलं. ओढ अशी होती की नाव लागणार ती दोन कोस खाली, आणि तिथून चढून येईपर्यंत दिवस कलणार. सुगंधाजवळ तेवढा वेळ नव्हता. आक्काने पाय काढून घेतला.

"तानू हाय का तिथं?"

"हाय!" तानूबाईचा आवाज आला.

"मग मला कशाला बोलावताय?"

"तिनं मेंढरं सोडवल्यात, आक्का! ही माझी सून हाय!"

"डोली खाली ठेवा, पाटील," आक्का म्हणाली. "आज खांदा बदलायचा न्हाई."

पाटलांनी स्वतःच्या हातांनी डोलीचा दांडा काढला. आंबेखोलच्या बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. तानूबाईने कोपरापर्यंत साबण लावला.

अलीकडे आक्काने माठ मागवला. काठावरच्या चिखलात मांडी घातली, आपल्याच पदराने डोळे बांधले आणि हात माठात घातला. असं म्हणतात, इकडे आक्काचा हात वळला की तिकडे तानूबाईचा हात वळायचा. असं म्हणतात, तांबरीने आवाज खाली केला आणि वाहती झाडं होती तिथेच थांबली. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. मग आक्काने कापडाचं बाळ पायाला धरून बाहेर काढलं, आणि त्याच घटकेला पलीकडून रडणं आलं. पुराच्या वरून, बारीक आणि रागावलेलं, अलीकडच्या काठावर सगळ्यांनी ते ऐकलं.

"आक्का, रडतंय गं!" पाटील ओरडले. त्यांचं पागोटं कधीच वाहून गेलं होतं. "दोघी बऱ्या हायत! दोघीबी!"

आक्का माठ कवटाळून बसली आणि हसू लागली. बहीण गेल्यापासून तिला तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसता हसता रडली, आणि पेज सगळी मांडीवर सांडली.

पुढे लोक तानूबाईला विचारायचे, नदी खरंच थांबली होती का? ती म्हणायची, "थांबलीबिंबली काही न्हाई. मी डोळं मिटलं हुतं. आधी हात लागला. तो सोडला. मग टाच लागली."

त्या दिवसानंतर आक्का दारात आलेल्या प्रत्येक डोलीला आधी एकच विचारायची, "तुमच्या वाडीच्या बाईनं हात लावला का?" नाही म्हटलं तर ती आधी त्या बाईला बोलावणं पाठवायची. ती येईपर्यंत रोग्याजवळ बसायची, आणि ती आली की तिच्याच हाताने काम करून घ्यायची, आपण मागे उभी राहायची. दोनतीन वर्षांत डोल्या कमी झाल्या. मग माळावर गवत इतकं वाढलं की वाट सापडेना. त्या दिवशी जन्मलेली मुलगी मोठी होऊन कोण झाली, असं मुलं हटकून विचारतात. ती कुणीच झाली नाही. ती ऐंशी वर्षं जगली, भांडली, नातवंडं खेळवली. तेवढंच हवं होतं.

आता खोऱ्यात रस्ता आहे, आरोग्य केंद्र आहे. पेशंट आला की केसपेपर करण्याआधी तिथली सिस्टर अजून विचारते, "वाडीतल्या बाईंनी बघितलं का?" आणि भादव्यात कुंभारवाड्यातून पहिल्या आव्यात भाजलेला माठ वाजतगाजत नदीवर येतो. तेराही वाड्यांच्या बायका जमतात. शहरातून नवे आलेले डॉक्टर, मोठ्या कॉलेजात शिकलेले, ओळीने चिखलात बसतात. बायका पदराने त्यांचे डोळे बांधतात.

"काय लागलं, डॉक्टरसाहेब?"

"पाय."

"बोटं मोजली वाटतं!" सगळा काठ हसतो. "घाला परत हात. घाई न्हाई."

डॉक्टर पुन्हा हात घालतो. हसणं थांबतं. असं म्हणतात, तेवढ्यापुरती तांबरीही आवाज खाली करते. आणि मग तो बांधल्या डोळ्यांनीच मान वर करून म्हणतो,

"टाच लागली."