चारी धर्मांचं एकच मागणं

आमच्या गावातल्या प्राथमिक शाळेत हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध अशी चारी धर्मांची पोरं एकत्र शिकतात. शाळा ज्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, ती शेड मालकाने विकली आणि सोमवारपर्यंत रिकामी करा म्हणाला. दुसरी जागा मिळाली नाही, तर शाळा बंद. मग माझ्या कार्तिकीला रोज हायवे ओलांडून लांबच्या शाळेत जावे लागणार! मी देवापुढे हातच जोडले.

व्यापारी मंडळाचा हॉल दिवसभर रिकामा असतो. म्हणून आमच्या शाळेच्या भोरेबाई पोरांना आणि आम्हा आयांना घेऊन अध्यक्ष मगदूमशेठकडे गेल्या. शेठ तोंडातलं पान सांभाळत म्हणाले, "बाई, कुणाची प्रार्थना पहिली, यावरनं माझ्या हॉलमध्ये भांडणं लागतील. सगळी पोरं एका सुरात देवाकडे एकच मागणं मागतील, त्या दिवशी किल्ली न्या."

आम्ही आया एकमेकींची तोंडं बघायला लागलो. बाई मात्र हसल्या.

"मग आत्ताच ऐका की शेठ!" असं म्हणून त्या पोरांकडे वळल्या. "बाळांनो, रात्री झोपताना देवाकडे काय मागता रे? खरं सांगायचं हं."

नौशाद, रूथ, प्रज्ञोत, माझी कार्तिकी, सगळी एकदम ओरडली, "उद्या शाळेला सुट्टी मिळू दे!"

शेठना असा ठसका लागला, की पाणी द्यावे लागले. हसत हसतच त्यांनी जुडग्यातली किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. काय डोकं म्हणायचं बाईंचं!

सोमवारी शाळा वेळेवर भरली. देवाने पोरांचे ऐकले नाही, आयांचे ऐकले.