शिंपिणीचं ठिगळ

जंगलाच्या कडेला, ओढ्यावर वाकलेल्या भोकरीच्या झाडावर एक शिंपीण राहत असे. पाखरू चिमणीहून लहान, पण चोच म्हणजे सुईच. दोन पानं जवळ ओढायची, कडेला भोकं पाडायची, कोळ्याच्या जाळ्याचा दोरा ओवायचा, की झालं घरटं. आत कापूस, आणि कापसात डोळेही न उघडलेली पिल्लं.

एकदा वाऱ्यानं घरट्याचा टाका उसवला. शेजारच्या पळसावर म्हातारा सुतार पक्षी होता. तो म्हणाला, "बाई, येऊ का मदतीला?"

"कशाला, भाऊ? माझं घर मला सांधता येतं."

आणि खरंच, तिनं पहिल्याहून घट्ट टाका घातला. पिल्लांना घास भरवता भरवता ती थांबे, टाक्याकडे बघे, आणि पुन्हा घास भरवी. आपलं आपण नीट केलं ना बाळांनो, की घर जरा जास्तच आपलं वाटतं.

पुढं घरट्याच्या फांदीला एक बारीक भोक दिसलं. त्यातून भुसा गळत होता. शिंपिणीला जे येत होतं तेच तिनं केलं. भोकात कापूस कोंबला, वरून पानाचं सुरेख ठिगळ शिवलं.

सुतार पक्ष्यानं मान वाकडी करून पाहिलं. "आत किडा आहे, बाई. ठोकून काढतो."

"नको हो. तुम्हाला मेलं ठोकल्याशिवाय चैन पडत नाही. माझी पिल्लं दचकतील."

तो बिचारा गप्प बसला. पण किडा कुठं गप्प बसतोय? ठिगळाआड तो निवांत कुरतडत राहिला. एका दुपारी फांदीची पानं मलूल पडली, फांदी वाकली, आणि घरटं थेट ओढ्याच्या पाण्यावर लोंबू लागलं. पिल्लांना तर पंखही फुटले नव्हते. शिंपिणीनं आपलंच ठिगळ चोचीनं टराटरा उसवलं आणि हाक मारली, "भाऊ, या हो. हे माझ्यानं होण्यातलं नाही."

सुतार पक्षी आला, पण लगेच ठोकेना. म्हणाला, "मी ठोकलं की फांदी हादरणार. आधी घरटं त्या वरच्या जाड फांदीच्या पानांना शिवून घे. ते काही मला जमायचं नाही."

तिनं टाक्यावर टाका घातला. मग त्यानं ठोकायला घेतलं. दर ठोक्याला घरटं हिंदकळे, दर ठोक्याला तिचा जीव वरखाली होई. पण टाके धरून राहिले. शेवटी लठ्ठ पांढरा किडा बाहेर निघाला.

"ठिगळ मात्र झकास होतं हो," सुतार पक्षी म्हणाला. "किडा बघ कसा उबेत पोसलाय." आणि त्यातला मऊ तुकडा त्यानं पिल्लांसाठी ठेवला.

तात्पर्य : आपलं घर आपण सांधावं, त्याचं सुख मोठं, पण ठिगळ लावण्याआधी आत काय कुरतडतंय ते बघावं, आणि ते आपल्या हातचं नसेल तर शेजाऱ्याला वेळेवर हाक मारावी.