काठाशी आलेले रोहू

पाणी प्रत्येकाचं पाऊल ओळखायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्यावर रेवा नावाची पाणमांजर राहायची. तिची पिल्लं कालपासून उपाशी होती. पहाटेच्या धुक्यात रोहू मासे अगदी काठाशी येऊन गळलेली जांभळं खायचे. रेवा धावत यायची, पण ती पोचेपर्यंत तिथे नुसतं गढूळ पाणी उरायचं.

"इतके जवळ असून हाती का लागत नाहीत?" तिने काठावरच्या म्हाताऱ्या बगळ्याला विचारलं.

"जवळ असतात म्हणूनच," बगळा म्हणाला. "तू मातीवर पाय आपटतेस, ते त्यांच्या अंगाला कळतं."

दुसऱ्या पहाटे रेवा दूरवरूनच पोटावर सरकत आली आणि लव्हाळ्यात पडून राहिली. पोटात आग पडली होती, तरी ती हलली नाही. धुकं तिच्या पाठीवर उतरलं. एक चतुर नाकावर येऊन बसला. हळूहळू तिला वाटू लागलं, आपण पाणमांजर नाहीच, काठाची ओली माती आहोत. एक रोहू जांभूळ चघळत तिच्या पंजापाशी आला.

उन्हं आल्यावर बगळ्याने मान वळवली. "रेवे, आता धर एखादा. पिल्लं वाट बघत असतील," तो कुजबुजला.

लव्हाळ्यात फक्त दबलेलं गवत आणि दोन-चार खवले होते, आणि तिथून पिल्लांच्या बिळाकडे ओला माग गेला होता. पाण्यात बाकीचे रोहू अजून निवांत जांभळं खात होते.