भर दुपारचा दिवा

वस्तू आपसात मोकळेपणी बोलत, त्या काळातली गोष्ट. सुनयनाताईंचा लॅपटॉप बिघडला. कातकरी आजींकडून जमवलेली गाणी आता फक्त बॅकअप ड्राइव्हमध्ये उरली होती. ताईंनी नवा लॅपटॉप आणला, पण ड्राइव्ह उघडेचना. नुसता टकटक वाजायचा.

लॅपटॉपमधून वीज घेणाऱ्या एकाच यूएसबी हबला ड्राइव्ह, पंखा, मोबाईल आणि टेबलावरचा छोटा दिवा जोडलेले होते.

"म्हातारा झालाय, टाका भंगारात!" पंखा गरगरत म्हणाला.

"गाणी शाबूत आहेत रे," ड्राइव्हला धाप लागली होती. "फिरायला वीजच पुरत नाही."

"थांब जरा," मोबाईल म्हणाला. "माझा शेवटचा एक टक्का भरायचा राहिलाय."

तेवढ्यात स्क्रीनने ताईंना विचारलं, "सगळं पुसून फॉरमॅट करू?" ताईंचं बोट बटणाकडे सरकलं.

 दिव्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन!

"अरेच्चा! भर दुपारी मी कुणासाठी जळतोय?" म्हणत तो चटकन विझला. पंखा ओशाळून थांबला. दोघे मोबाईलकडे बघत राहिले.

"बरं बाबा, घ्या!" मोबाईल पुटपुटला आणि त्याने वीज घेणं थांबवलं.

ड्राइव्ह घरघरला, फिरला, उघडला! खोलीभर आजींचं गाणं घुमलं आणि ताईंनी आनंदाने उडीच मारली.

मोबाईल नव्व्याण्णव टक्क्यांवरच राहिला. त्याला काहीसुद्धा झालं नाही.